अण्णांच्या पिक्चरसाठी तीस अर्ज

राहुरीत बसस्टँडच्या मागं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सगळं चालतं. पण खरं सांगू का? माझ्याकडे कागदांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. माणूस फॉर्म भरायला बसला की आधी नाव सांगतो, मग जन्मतारीख, आणि तिसऱ्या रकान्यापर्यंत घरातलं भांडण बाहेर! मी विचारत नाही हो. सर्व्हर डाऊन असतो, तेवढ्या वेळात माणसानं करायचं काय?

त्यातले हे पिक्चरचे किस्से मी वेगळे काढून ठेवलेत. त्यांची सुरुवात केली कदम सरांनी. कदम सर म्हणजे आमचे हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर. रिटायर झाल्यापासून रोज चार ते सहा माझ्या दुकानातल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर त्यांचा मुक्काम. मला अजून "बाळ्या" म्हणतात, गिऱ्हाइकांसमोर!

तर सरांना इंटरनेटवर मुंबईची एक जुनी फिल्म कंपनी सापडली. कंपनीच्या गोडाऊनमध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पिक्चर पडलेले. टीव्हीवर येत नाहीत, मोबाईलवर मिळत नाहीत. कंपनी म्हणते, तुम्ही ऑर्डर द्या, मग आम्ही तुमच्यापुरती डिस्क बनवून कुरियरनं पाठवतो. आधी बनवून ठेवणं वगैरे काही नाही.

"बाळ्या, म्हाताऱ्या माणसांना हे जमणार नाही. तू ऑर्डरी घे," सर म्हणाले. झालं! मी दारावर कागद चिकटवला, 'जुने दुर्मीळ चित्रपट ऑर्डरप्रमाणे मिळतील.'

*

पहिली डिस्क अर्थातच सरांची. कुरियर आलं, सरांनी पाकीट कपाळाला लावलं, हळूच फोडलं, आणि तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला की ही लावायची कशात? माझ्या कॉम्प्युटरला डिस्क घालायची जागाच नाही. शेजारच्या मोबाईलवाल्यानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हिला चार्जिंग कुठून करायचं?"

अख्ख्या राहुरीत चालू प्लेअर मिळेना. सगळ्यांचे भंगारात गेलेले. शेवटी बेलापूरला शोध लागला. शांतवन काका, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. रोज सकाळी त्यांच्या घरी डिस्कवर भजनं लागतात, म्हणून प्लेअर ठणठणीत.

फोनवर म्हणाले, "देतो की. पण प्लेअर एकटा येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सोबत येणार."

आणि आले! प्लेअर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन, एसटीत खिडकीच्या सीटवर बसून. आल्या आल्या अट घातली, "प्लेअर माझा, म्हणून रिमोट माझा. पिक्चर तेवढा तुमचा." तेव्हापासून आजपर्यंत काकांच्या मनात आलं की पिक्चर थांबतो आणि काकांचा चहा संपला की सुरू होतो. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, हातातलं स्टिअरिंग सोडतोय होय!

*

दुसरं गिऱ्हाईक निमसे मावशी. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज त्याच शिवतात. लग्नाआधी पाहिलेला एक रडका पिक्चर त्यांना हवा होता. मी ऑर्डर टाकत होतो, तर म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. शेवटी ती मरते बघ. तिला मारू नका म्हणावं."

मी म्हणालो, "मावशी, पिक्चर आहे तसाच येतो."

"असा कसा येतो? बाहेर लिहिलंयस ना, ऑर्डरप्रमाणे म्हणून! माझ्याकडे बाई गळा मोठा ठेवा म्हणाली तर मी लहान ठेवते का?"

फॉर्ममध्ये 'विशेष सूचना' असा रकाना होता. म्हटलं, जाऊ दे, लिहू. लिहिलं, 'नायिकेस शेवटी मारू नये ही विनंती.' कदम सर हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

पंधरा दिवसांनी डिस्क आली. सोबत कंपनीची चिठ्ठी, 'मूळ रिळाचा अखेरचा भाग खराब झाल्याने शेवटची काही मिनिटे उपलब्ध नाहीत, क्षमस्व.' मावशींनी चिठ्ठी काही वाचली नाही. पिक्चर पाहिला तो नायिका कॉटवर उठून बसते तिथपर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दुकानात हजर!

"माणसं चांगली आहेत रे कंपनीतली. शब्द पाळला!"

सर चिठ्ठीचं सांगायला तोंड उघडत होते. मी पेढा घातला तोंडात.

*

आणि मग एक दिवस चांगदेव अण्णा आले. धरणाच्या वाटेवरच्या गावचे, सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, टोपी. मला वाटलं पेन्शनचं काम असेल. अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "बाळासाहेब, मी पिक्चरमदी हाय."

कदम सरांनी चष्मा चढवला.

अण्णांची हकिकत अशी. वय वीसच्या आत, राहुरीच्या बाजारातून रिकामी बैलगाडी घेऊन घरी चाललेले. माळावर शूटिंगवाले थांबलेले. त्यांच्या गाडीवानाचं काम करणारा नट बैलांना भ्यायचा, जवळच जाईना. मग त्यांनी अण्णांना थांबवलं, नटाचा फेटा बांधला, नायिकेला गाडीत बसवलं आणि म्हणाले, पळव! अण्णांनी पळवली. दोनदा. फेटा काढून घेतला, गूळ-शेंगदाणे दिले, संपलं शूटिंग. तो पिक्चर नगरला आठवडाभर टिकला म्हणतात. अण्णांच्या गावात पोस्टरसुद्धा पोचलं नाही.

गावानं कधी विश्वास ठेवला नाही. 'शूटिंग अण्णा' नाव पडलं ते कायमचं. आणि सगळ्यात पुढं कोण, तर खुद्द अण्णांची बायको, कौसाबाई! त्यांचं म्हणणं ठरलेलं, "कशाचं शूटिंग न् कशाचं काय! बाजारात गप्पा हानत बसले, घरी जायला उशीर झाला, म्हनून आईला थाप मारली. सासूबाईंनीच सांगितलंय मला."

"हसत्यात, हसू द्या," अण्णा म्हणाले. "पर त्या दिशी माळावर माझ्यासंगं जे चार जन हुते ना, ते समदे गेले. शेवटचा परवा दिवाळीत गेला. आता माझ्याबिगर कुनाला म्हाईत न्हाई. मी बी असाच खोटा ठरून जायाचा का, बाळासाहेब?"

त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. सरांनी उठून आपली खुर्ची अण्णांना दिली, आणि सरांनी खुर्ची सोडणं ही साधी गोष्ट नाही.

*

यादीत तो पिक्चर नव्हता! कंपनीला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, रीळ गोडाऊनमध्ये आहे, पण एकट्यासाठी ते काढून साफ करणं परवडत नाही. तीस वेगवेगळ्या लोकांनी मागणीचा अर्ज भरला तर काढू.

तीस! अण्णा म्हणाले, "आनतो."

अर्जात एक रकाना होता, 'हा चित्रपट आपणांस का हवा आहे?' अण्णांनी भर उन्हात घराघरातून माणसं गोळा करून आणली, आणि मी त्या रकान्यात त्यांचीच उत्तरं जशीच्या तशी लिहिली. एकानं सांगितलं, "अण्णा ऐकत नाहीत." दुसऱ्यानं, "अण्णा दारात बसलेत." तिसरा म्हणाला, "अण्णा खोटं बोलतात हे एकदाचं सिद्ध व्हावं." अण्णा शेजारीच उभे. म्हणाले, "ल्ह्या तसंच. आपल्याला मानूस मोजायचाय."

शांतवन काकांनी बेलापुरात चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर लोकांना थांबवलं आणि अकरा अर्ज भरून घेतले. कारण विचारलं तर सगळ्या अकरा जणांनी एकच सांगितलं, "शेजाऱ्यावर प्रीती." पाळकसाहेबांचा त्या दिवशीचा विषयच तो होता!

*

बाहेरगावच्या माणसाचा अर्ज भरला की त्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो. अण्णांचा पाथर्डीकडचा भाचा बायकापोरांसह ऊसतोडीला सांगलीकडं गेलेला. अण्णांनी त्याला माझ्या फोनवरून फोन लावला. "भगवान, तुला नंबर आला आसंल बघ, सांग."

पलीकडून भाचा म्हणाला, "कोण बोलतंय?"

"आरं मी अण्णामामा."

"मामा ओटीपी मागत न्हाईत. आमच्या मुकादमानं सांगितलंय, नातेवाइकाचा आवाज काढून फसवत्यात. मामा असाल तर आमच्या गाईचं नाव सांगा."

अण्णांना गाईचं नाव आठवेना! फोन कट. परत लावला, परत कट. अण्णा मटकन बाकावर बसले. "पिक्चरमदी मी हाय ह्याचा पुरावा न्हाई म्हनून हितं आलो, तर आता मी मीच हाय ह्याचा बी पुरावा द्या!"

शेवटी बहिणीला, म्हणजे भगवानच्या आईला, फोन करून गाईचं नाव विचारलं. चंद्री. ओटीपी आला.

*

एकोणतीस झाले आणि गाडी अडली. अण्णांनी घरी विषय काढला. कौसाबाई म्हणाल्या, "माझं नाव घातलं तर मी म्हायेरी जाईन." सत्तरीत! पण अण्णा घाबरले, विषय सोडून दिला.

राहता राहिले कदम सर. सरांनी पहिल्यापासून अर्ज भरला नव्हता. त्यांचं म्हणणं, खरी आवड नसताना मागणी नोंदवणं हा खोटेपणा आहे. अण्णा तीन दिवस चार ते सहा सरांच्या समोर बसले. एक शब्द बोलले नाहीत, नुसते बघायचे. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "बाळ्या, लिही. कारण, सत्य काय ते कळावे."

आठवड्यात कंपनीच्या बाईंचा फोन. "अहो, इतक्या वर्षांत या पिक्चरला एकही मागणी नव्हती. आता तीसच्या तीस तुमच्याकडूनच! तुमच्याकडे या पिक्चरचा काही उत्सव असतो का?"

मी म्हणालो, "असतो. आमच्यात त्याला अण्णा म्हणतात."

*

डिस्क आली. रविवारी दुपारी अण्णांच्या ओसरीवर टीव्ही मांडला. काका उपासना उरकून प्लेअर घेऊन आले. सगळं गाव जमलं होतं. कौसाबाई तेवढ्या आतल्या दारात मेथी निवडत बसल्या, टीव्हीकडे पाठ करून. "मला न्हाई बघायचं. तुमचं चालू द्या."

अण्णा नवी टोपी घालून सगळ्यात पुढं. तास गेला, सव्वा तास गेला. पाय चेपत, घसा खाकरत नुसते बसलेले. आणि एकदम ओरडले, "आली! आली!"

आली खरी गाडी. पांढरी शुभ्र बैलजोडी, मागं नायिका, आणि धुरळा. असला धुरळा की गाडीवानाचा फक्त फेटा दिसत होता. अर्ध्या मिनिटात गाडी गेली, आणि पुढच्या सीनमध्ये तोच नट तोच फेटा बांधून नायिकेला उतरवताना!

मग मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो तर दुसराच हाय की!" आणि जो हशा उठला, जो हशा उठला! अण्णांनी मान खाली घातली. मी आयुष्यात इतका शरमलो नव्हतो. तीस अर्ज मीच पाठवले होते ना! सर पुटपुटले, "पुरावा अपुरा."

काका मात्र हट्टाला पेटले. "थांबा! मागं घेतो. एकेक चित्र थांबवून बघू, कुठंतरी तोंड दिसेल." त्यांनी मागं घेतलं, पुढं घेतलं, थांबवलं. पण बोट उशिरा पडलं. गाडी निघून गेलेली, धुरळा खाली बसत चाललेला, आणि रस्त्याच्या कडेला बाभळीखाली तीन पोरी उभ्या. मधली परकर-पोलक्यातली, कपाळावर हात धरून, तोंडाचा आ करून गेलेल्या गाडीकडे बघतेय.

अण्णांची सून पदर सावरत पुढं झाली. टीव्हीला नाक लावून बघितलं आणि किंचाळलीच, "अगं बया! आत्याबाई, कपाळाला हात लावून आजून बी अशाच बघता की! ह्या तर तुमी!"

सगळं गाव वळून आतल्या दाराकडे बघायला लागलं. कौसाबाईंचा मेथी निवडणारा हात थांबला. पण मान काही वळली नाही.

अण्णा उठले. टीव्हीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, परत टीव्हीकडे बघितलं.

"तू... तू हुतीस तिथं?"

"हुते."

"आन मी तुला बघाय आल्तो, तवा वळखलं हुतंस?"

"दारात गाडी हुबी राह्यली तवाच वळखलं."

"मंग पन्नास वरीस मला खोटं का पाडलंस गं?"

कौसाबाईंनी मेथीची एक काडी मोडली. इकडं अण्णांचा चेहरा बघता बघता फुलत गेला. छाती पुढं काढून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हंजी मला आधी माळावर बघितलं, आन मगच लग्नाला हो म्हनलीस!"

तेव्हा कुठं कौसाबाईंनी मान वळवली.

"त्या धुरळ्यात तुमचं तोंड कुठं दिसत हुतं? मी बैलं बघून हो म्हनले."