माझे मुके स्पीकर

सुधाकरकडे गाणं सुरू झालं आणि माझा चहा हातातच राहिला. कोपऱ्यातले ते उंच स्पीकर माझे होते. एकाच्या कडेवर माझ्या मुलीच्या सायकलचा ओरखडा अजून तसाच होता.

माझ्या घरी ते सहा वर्षं मुक्यासारखे उभे होते. आवाज वाढवला की गाणाऱ्या बाईंचा सूर फाटायचा. सुधाकर आम्हा मित्रांतला जाणकार. एकदा घरी येऊन, नीट ऐकून म्हणाला, "ठोकळे आहेत रे हे. अडगळ कशाला ठेवतोस? मी नेतो." जिन्यावरून उतरवताना मी हातही लावला.

आज त्यांच्याशेजारी दोघांनी मिळून उचलावा असा अवजड अ‍ॅम्प्लिफायर होता. म्हणजे दोष स्पीकरचा नव्हताच. माझ्या चिमुकल्या अ‍ॅम्प्लिफायरला ते झेपत नव्हते. एखाद्याला बोलतं करण्याची ताकद आपल्यात नसते, आणि आपण त्यालाच मुका ठरवून मोकळे होतो. मला हे कळलं नाही, कबूल. पण त्याला?

"तुला तेव्हाच ठाऊक होतं ना?" मी विचारलं.

सुधाकरने उठून आवाज वाढवला.

सूर कुठेही फाटला नाही.