बुडवलेली नाव

नानांचं किराणा दुकान भाटघरच्या पाण्याकाठी, पण तिथल्या एका डब्याला अजून खाडीचा वास येई. त्यांच्या आज्याचं दुकान कोकणात, गलबतं बांधणाऱ्या सुतारांच्या वस्तीत होतं. तिथं गुळाच्या ढेपेशेजारी तांब्याचे खिळे आणि नावेच्या फटी बुजवायला काथ्या नि राळ मिळे. आगबोटी आल्या, गलबतं थांबली, गिऱ्हाईक पांगलं. मग नानांचे वडील घाट चढून भोर खोऱ्यात आले. येताना तेवढा राळेचा डबा आणला. नाना तो दर दसऱ्याला पुजत. पोरांच्या मते त्यात सोनं होतं.

अडुसष्टच्या आषाढअखेरीस गावाची नाव गळायला लागली. चूक गावाच्या मायेचीच. नांगर-कुळव कोरड्यात ठेवावेत, तशी गड्यांनी नाव उन्हाळाभर देवळाच्या पडवीत ठेवली होती. फळ्या सुकल्या, सांध्यांतून उजेड दिसू लागला. नागपंचमी पाच दिवसांवर, आणि पल्याडच्या गावी नानांची नवी लग्न झालेली सरू पहिल्या पंचमीला माहेरी यायची वाट बघत बसलेली. पाण्यावाचून वाट नव्हती.

"बुडवा तिला," नाना म्हणाले.

दादू नावाडी त्यांच्याकडं बघतच राहिला. "गळतीया म्हनून बुडवायची? उद्या घर गळाया लागलं तर तेबी पाडायचं व्हय, नाना?"

नानांनी सांगितलं, लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप मिटतात. आज्याच्या वस्तीत असंच करत. दुसरा उपाय कुणालाच सुचेना. मग सगळ्यात मोठ्या फटीत डब्यातली राळ तेलात कढवून भरली, नावेत दगड घातले आणि ती काठाशी बुडवली.

घरी परतताना बायको बनाबाई हळूच म्हणाली, "तुमचा आज्या खिळं इकायचा. नाव कदी बांदलीवती का त्यानं?"

 नेमकी हीच शंका नानांनाही होती. चार दिवस ते मीठ मागणाऱ्याला साखर बांधत होते. म्हातारा कोंडिबा रोज दुकानात येई आणि आजारी म्हशीची विचारावी तशी नावेची तब्येत विचारी.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी दगड काढले, पाणी उपसलं, तळ फडक्यानं पुसला. दादू एकटाच वल्हवत दूरवर जाऊन आला. काठाला नुसती नाव टेकवली. तसाच वळला आणि सरूला आणायला गेला.

नाव परतली. सरूनं बापाच्या पाया पडायला पदर सावरला, पण नाना वाकून तिच्या पायांकडंच बघत होते.

"काय हरवलंय, नाना?"

"लुगड्याचा काठ कोरडा हाय," नाना म्हणाले, आणि तिथंच चिखलात बसले.