मास्तरचा डबा आणि बुढीचे पॉइंट

तो दिवस अगदी साधा होता. नववीच्या वर्गात मी समास शिकवत होतो आणि नेहमीप्रमाणे मागचे दोन बाक झोपले होते. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "सर, काटोलहून फोन आहे." ऑफिसात गेलो तर हेडमास्तरांनी उठून मला स्वतःची खुर्ची दिली. तेव्हाच कळलं. रिसीव्हर त्यानंतर उचलला.

काटोलच्या संत्र्यांच्या बाजारात भाऊ चहा पीत बसला होता. कप खाली ठेवला आणि गेला. बाहेर त्याचा ट्रक संत्री भरून उभा होता.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. सगळं नागपूर त्याला भाऊच म्हणायचं. तो गेल्यावर घरी बसायला माणसं यायची. पहिले काही दिवस सगळे सतरंजीकडे बघत बसले. मग कोणीतरी घसा साफ करून म्हणालं, "भाऊंचा तो डबा जळाला होता, आठवते काय?" आणि जे सुरू झालं ते थांबेचना! गॅरेजच्या फरशीवर लोखंडाचा कीस साचतो, तसे हे किस्से साचतात. रोज थोडे पडतात, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस झाडायला गेलं की टोपलीभर निघतात.

यातल्या बहुतेक किश्श्यांत डोकं धरून बसलेला माणूस मीच आहे.

* * *

आधी ट्रकविषयी. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यात आमच्या वडिलांनी हा अमेरिकन ट्रक घेतला. पेट्रोलवर चालणारा, नाक पुढे काढलेला. भाऊ त्याला 'बुढी' म्हणायचा. गल्लीत रंगीत टीव्ही आला तरी आमची बुढी काटोलहून संत्री आणतच होती.

बुढीच्या इंजिनात ठिणगी पाडायचं काम दोन छोट्या पत्र्यांचं. इंजिन फिरतं तसे ते उघडझाप करतात. त्यांना पॉइंट म्हणतात. ते जळून काळे पडतात आणि मग गाडी उठत नाही. भाऊ खाली उतरायचा, झाकण काढून पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा, मधली फट काडीपेटीच्या पुठ्ठ्याने मोजायचा. मग गाडीच्या नाकात लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचा. त्याआधी बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "उठ वं बुढी, काटोलले जाऊ!"

एका पहाटे हँडल फिरवताना त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासलं आणि दोनच शब्द सांगितले, "हँडल बंद."

भाऊ म्हणाला, "हँडल बंद केलं तर बुढी बंद. बुढी बंद तर चूल बंद. आता सांगा डॉक्टरसाहेब, तुमी कोन्त्या रोगावर औषध देऊन राहिले?"

* * *

तोडगा गजभियेने काढला. गजभिये रेडिओ दुरुस्त करायचा आणि दर रविवारी आमच्या अंगणात चहाला असायचा. तो म्हणाला, "सर, पॉइंट काढूनच टाका. आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन निघालं आहे. पॉइंटच नाही तर जळन काय? चाबी फिरवली की गाडी चालू. हँडलचं कामच नाही."

मी लगेच मुंबईहून एक संच मागवला. साबणाच्या वडीएवढा डबा, दातांचं एक छोटं चाक आणि थोड्या वायरी. भाऊने डबा हातात घेऊन कानाशी हलवला.

"आवाज येत नाही."

"येत नसतोच," गजभिये म्हणाला.

"आत काय हालते मग?"

"काहीच हालत नाही, भाऊ. तीच तर गंमत आहे!"

भाऊने डबा माझ्या हातात परत दिला. "मास्तर, जे हालत नाही त्याले आपल्यात मेलं म्हणतात गा."

* * *

डबा बसवायचा तर मुहूर्त हवा. वहिनीने पंचांग पाहिलं आणि रविवारी राहुकाळ लागायच्या आत काम झालं पाहिजे असं बजावलं. त्या रविवारी आमचा मेकॅनिक नत्थूजी लग्नाला उमरेडला गेलेला. म्हणजे बसवणारा एकटा गजभिये. त्याने सगळं नीट बसवलं आणि शेवटी म्हणाला, "आता पहिले बॅटरी तपासून घेऊ द्या."

आतून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, पाच मिनटं राहिले बरं का!"

भाऊ ओरडला, "अबे जोड ना, राहुकाळ लागून राहिला!"

गजभियेने वायरी जोडल्या. भाऊने चाबी फिरवली. फस्स! डब्यातून निळा धूर निघाला आणि अंगणात जळक्या रबराचा वास पसरला.

गजभियेने बॅटरी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "भाऊ! हिचा प्लस बॉडीला जोडला आहे!"

"मंग कोन्ता राहते?"

"आता सगळ्या गाड्यांचा मायनस बॉडीला राहते!"

"बुढी त्या सगळ्यांच्या पहिलेची आहे," भाऊ शांतपणे म्हणाला.

मी पायरीवर बसून होतो. भाऊने घड्याळ पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण पाह्य मास्तर, राहुकाळाच्या आतच जळला. तुह्या वहिनीचा मुहूर्त वाया नाही गेला!"

* * *

दुसरा डबा गजभियेने बुढीच्या उलट्या रीतीप्रमाणे स्वतः बनवून आणला. बसवला आणि खरोखर, त्याने चाबी फिरवताच बुढी उठली! भाऊ थाप मारायला बॉनेटकडे निघाला होता, त्याच्या आत उठली. तो तिथेच हात वर करून उभा राहिला.

सात-आठ दिवस सुखाचे गेले. मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा वडिलांच्या वेळेपासून. बॉनेट उघडायचं, इंजिनाला हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, बंपरवर नारळ फोडायचा. त्या वर्षीही सगळं झालं. नारळाचं पाणी वाटीत धरून भाऊ उभा होता. वहिनी म्हणाली, "अहो, घरात नवा आला आहे. त्याले नाही द्यायचं काय?"

मी तोंड उघडेपर्यंत भाऊने अर्धी वाटी डब्यावर ओतली होती.

बुढी उठली नाही. ना चाबीने, ना थापेने. संध्याकाळी सीमोल्लंघनाला दरवर्षी सगळी गल्ली बुढीत बसून जायची. त्या दसऱ्याला आम्ही सोन्याची पानं हातात घेऊन पायी गेलो. वाटेभर शेजारी मला विचारत होते, "काय मास्तर, इलेक्ट्रॉनिक आहे म्हणे?"

गजभियेने दुसऱ्या दिवशी डबा चुलीशेजारी वाळत घातला आणि हात जोडले. "भाऊ, त्याले देवापुढे ठेवायचं होतं. पाजायचं नव्हतं!"

* * *

डबा वाळला, चालूही झाला. मग कळमेश्वरच्या पुढे एकदा बुढी आचके देऊन थांबली. पुढे कळलं ते असं की पेट्रोलमध्ये कचरा होता. पण भाऊने नत्थूजीला बोलावणं धाडलं. तो बसने आला आणि त्याने झाकण काढलं. लग्नाच्या गडबडीत त्याने हा नवा कारभार पाहिलेलाच नव्हता.

"भाऊ, पाइंट चोरीले गेले!"

"गेले नाही गा. काढले. आता तसंच राहते."

नत्थूजीने मान हलवली. भाऊ झाडाखाली विडी ओढायला गेला. परत येऊन बघतो तर नत्थूजी कानस घेऊन त्या नव्या चाकाचे दात घासतोय! ठिणगी नेमकी कधी पडायची हे ज्या दातांवर ठरतं, ते सगळे दात.

बुढी दोर बांधून घरी आली. मी अक्षरशः ओरडलो, "नत्थूजी, ते दात काहून घासले?"

"काय सांगू सर, झाकण काढलं की हात आपोआप घासतेच. पाइंट तं दिसले नाही." मग जरा नाराजीने म्हणाला, "अन् पैसे कायचे घेते ती कंपनी? एवढे खरखरीत दात! म्या गुळगुळीत करून देल्ले."

* * *

नवं चाक आलं. आता तरी सुखाने राहावं! डिसेंबरात एका पहाटे सहज भावाकडे गेलो तर तो बुढीच्या नाकात हँडल घालून उभा. धापा टाकतोय.

"डबा बिघडला का?"

"नाही गा. डबा झकास आहे."

"मग हँडल कशाला?"

"एकदम उठवलं तं दिवसभर चिडचिड करते ते. दोन फेरे देले की बरं वाटते तिले."

मी हँडल काढून घेतलं, शबनम पिशवीत घातलं आणि सायकलवर बसलो. नेमके अधिवेशनाचे दिवस. चौकाचौकांत मोर्चे अडवायला पोलीस. माझ्या पिशवीतून हातभर लोखंड बाहेर आलेलं! हवालदाराने शिट्टी मारली.

"हे काय आहे?"

"हँडल. ट्रकचं."

"ट्रक कुठं आहे?"

"भावाकडे."

"मंग हँडल तुमच्यापाशी काहून?"

"भावाची छाती दुखते म्हणून," मी म्हणालो.

हवालदाराने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या जोडीदाराला म्हणाला, "जाऊ दे याले. मोर्चातला नाही हा. याचं दुसरं काही तरी आहे."

* * *

त्यानंतरचा हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत विजयी हिवाळा. हँडल माझ्या घरी दारामागे, आणि बुढी रोज पहाटे चाबीवर, पहिल्या झटक्यात चालू! थंडी असो, धुकं असो. मी स्टाफरूममध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर व्याख्यानं द्यायला लागलो. गणिताचे सर मला पाहून वर्तमानपत्र आडवं धरायचे.

गजभिये गिऱ्हाईक घेऊन अंगणात यायचा. भाऊ स्वतः बॉनेट उघडून दाखवायचा. डबा कसा लखलखीत, वायरी कशा ओळीत बांधलेल्या! "पाइंट नाही, घासणं नाही," भाऊ सांगायचा. "माह्या भावानं आणून देल्ला. शिकलेला आहे."

इतकं सरळ वागणं त्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मनातून सुखावलो होतो, हे कबूल. एकदोनदा तो एवढंच म्हणाला, "मास्तर, हँडल आणून दे गा. लावत नाही, शपथ. पण बापाच्या हातचं आहे. गाडीतलं गाडीत राहू दे."

"आणतो," मी म्हणायचो.

मग तो काटोलचा फोन आला.

* * *

दिवस झाल्यावर नत्थूजी बसने काटोलला गेला आणि बुढी घेऊन आला. संत्री तिथल्याच लोकांनी दुसऱ्या गाडीने पाठवून दिली होती. अंगणात शिरताना नत्थूजीचे डोळे लाल होते. "सर, इतके दिवस उभी होती. चाबी लावली, एका झटक्यात उठली."

"इलेक्ट्रॉनिक आहे," मी म्हणालो. सवयीने.

गजभिये बसलेलाच होता. डब्यावर धूळ साचली असेल म्हणून त्याने बॉनेट उघडलं, फडकं फिरवलं आणि थबकला. मग वायरी बोटाने चाचपत गेला. त्या वायरी एका ओळीत, दोऱ्याने बांधून, इंजिनाच्या मागे गेल्या होत्या. तिथे त्यांच्या टोकांना काळी टेप गुंडाळलेली होती. त्या कुठेही जोडलेल्या नव्हत्या.

नत्थूजीने झाकण काढलं. आत जुने पॉइंट होते. आरशासारखे.

मग गजभिये खाली बसला. "सर," तो म्हणाला, "ही गाडी दाखवून मी अख्ख्या कॉटन मार्केटात डबे बसवले!"

मी नत्थूजीकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. "माह्या पोराची शपथ सर, मले ठाऊक नाही. एवढे साफ पाइंट म्या जन्मात पाहिले नाही. हे रोज घासल्याबिगर होत नाही. असे साफ असले तं चाबीनंच उठते गाडी."

वहिनी दारात येऊन उभी होती. मी तिला विचारलं.

"मले काय ठाऊक, भाऊजी," ती म्हणाली. "संध्याकाळी जेवण झालं की टॉर्च घेऊन गाडीपाशी जात. थंडीत कायले जाता म्हटलं, तं म्हणत, मास्तरचा डबा पुसून येतो."

गजभिये हसायला लागला. नत्थूजी हसायला लागला. वहिनीने पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

हँडल अजून माझ्या घरी दारामागे आहे. ते परत न्यायचं राहून गेलं.