घाटातला पाय

पाच फुटांच्या राखीने स्कूटर विकली आणि लांबच्या प्रवासाची उंच, जड मोटारसायकल घेतली. नाशिक रोडच्या मैदानात महिनाभर तिने एकच गोष्ट घोटली: थांबताना सीटवरून सरकायचं आणि एकच पाय टेकवायचा. पण मैदान सपाट होतं.

सिन्नरला जाताना घाटाच्या चढावर रांग थांबली. राखीने पाय टेकवला, ब्रेक दाबला, तरी गाडी बोटभर मागे सरकलीच. मागे ट्रक होता. त्याचा पन्नाशीचा क्लीनर चाकामागे लावायचा दगड घेऊन उतरला.

"ताई, लावू का?"

"तुमच्या ट्रकला लावा," राखी फणकारली. टेकवलेल्या पायावर जोर देत ती समोरच बघत राहिली.

रांग हलली. गाडी तसूभरही मागे न जाता सुटली. जमलं बुवा, म्हणत तिने ऐटीत आरशात पाहिलं. ती उभी होती तिथला दगड क्लीनर वाकून उचलत होता.