अम्मा आणि लॅपटॉपमधला अण्णा

आमच्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला की आयटीवाले त्याला लॅपटॉप देतात आणि आम्ही त्याला किस्से देतो. नोकरी सोडताना लॅपटॉप परत करावा लागतो, किस्से नाही. त्यामुळे साठा वाढतच चाललाय. पूर्वी ते कँटीनच्या सांबाराचे असायचे, कुणाच्या तरी लग्नाचे असायचे. हल्ली सगळे अण्णाचे असतात. आणि गंमत म्हणजे सांगता सांगता प्रत्येकाचा आवाज आपोआप खाली येतो!

अण्णा म्हणजे माणूस नव्हे. आम्ही अमेरिकेतल्या पेशंटांचे कागद तपासतो. आम्ही खरंच काम करतो का, हे बघायला कंपनीने लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर घातलं. हात चालू असला की नावापुढे हिरवा ठिपका, थांबला की लाल. मधूनच ते स्क्रीनचा फोटो काढतं, मधूनच तुमचा. चेन्नईत रिक्षावाला अण्णा, वॉचमन अण्णा, इडलीवाला अण्णा, मग हाही अण्णाच!

*

कॅमेऱ्यावर टिकली चिकटवायची आयडिया माझी. मी सांगलीची, नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे इथे आलेली. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट कायम असतं. आधी मुलींनी नेल्या, मग मुलांनी. शेवटी आमचा मॅनेजर सेंथिल इकडे तिकडे बघत माझ्या टेबलाशी आला आणि कुजबुजला, "अक्का, वन पोट्टु प्लीज. स्मॉल साइझ!"

टिकलीला इथे पोट्टु म्हणतात. मी त्याला माझ्या कॅमेऱ्यावर होती तसलीच, मरून रंगाची दिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्क्रीनवर चौकट उघडली. अण्णा इंग्रजीतच लिहायचा. 'कॅमेरा झाकलेला आहे. मरून रंग छान दिसतो.'

मी हसले. मग मनात आलं, आतून बघणाऱ्याला टिकलीची गोंदाची बाजू दिसणार, रंग कसा दिसेल? "वरच्या सीसीटीव्हीतून बघितला असेल," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आपलं समाधान आपणच करून घ्यायचं असतं.

*

प्रभू आमच्यातला उचापती. घरून काम असलं की तो चालू ग्राइंडरच्या झाकणावर माउस ठेवायचा. खाली डोशाचं पीठ वाटलं जातंय, वर माउस थरथरतोय, ठिपका हिरवागार, आणि साहेब सोफ्यावर आडवे! महिनाअखेरीला त्याला शाबासकीची मेल आली. आम्ही त्याच्याकडून पार्टी उकळली.

मग एके दिवशी चौकट उघडली. 'प्रभू, तुमचा हात फार वेळ एकसारखा थरथरतो आहे. डॉक्टरांना दाखवलंत का?'

प्रभूने ग्राइंडर बंद केला. पीठ अर्धवटच राहिलं. "अक्का, ओरडला असता तर चाललं असतं," तो मला म्हणाला. "काळजी कशाला करतो?"

*

हे आम्हाला गमतीचं होतं. सुधाला नव्हतं.

सुधा तंजावरच्या मराठी घरातली. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहून त्यांची मराठी जुन्या वळणाची राहिली आहे, तमिळ हेल काढून बोलतात. इथे चेन्नईत, तिरुवल्लिकेणीला दोन खोल्यांत ती आणि तिची आई. आईला काही आठवत नाही. कधीही दार उघडून चालू लागते. सुधाला घरून काम करायची खास परवानगी होती, पण ठिपका लाल दिसत राहिला की ती रद्द.

"ऑफिसात यावं तर अम्मास कोण बघणार?" ती मला म्हणाली. "आणि नाही यावं तर नोकरी जाते. पगार नाही तर अम्माचं औषध कुठून आणूं?"

मी तिला टिकल्यांचं पाकीट देऊ केलं. तिने मान हलवली. तिने लावून बघितली होती, पण आईने नखाने काढून टाकली. म्हणाली, "त्याचा डोळा झाकूं नको गे, पाप लागेल."

कॅमेऱ्याचा दिवा लागला की सुधाची आई समोर येऊन बसायची आणि त्या दिव्याशी बोलायची. "बाळा, जेवलास की? काप्पी घेतोस की?" मग उत्तर ऐकल्यासारखी थांबायची, मान डोलवायची आणि हसायची. सुधाला पहिल्यांदा गंमत वाटली. नंतर ती तिकडे बघायचं टाळायला लागली.

*

सेंथिलचं सांगायचं राहिलं. आम्हाला वाटायचं, हा सगळ्यांचे ठिपके बघतो म्हणजे हा अण्णाच्या बाजूचा. एकदा मीटिंगमध्ये त्याने स्क्रीन शेअर केली आणि चुकून भलतंच फोल्डर उघडलं. आत त्याचेच फोटो! जेवताना, जांभई देताना, कपाळाला हात लावून बसलेला. एकात तो डोळे पुसत होता.

"हे कुणी काढले?" प्रभूने विचारलं.

सेंथिलने फोल्डर बंद केलं. "मी तर पोट्टु लावलेला होता," एवढंच म्हणाला. त्या दिवशी कोणी त्याची थट्टा केली नाही.

*

मग सुधावर संकट आलं. रिपोर्टमध्ये लिहून आलं, 'खोलीत दुसरी व्यक्ती आहे.' पेशंटांची माहिती दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडता कामा नये, हा आमच्याकडचा पहिला नियम. एचआरच्या मॅडमनी विचारलं तेव्हा सुधा घाबरून खोटं बोलली. आई आता मामाकडे तंजावरला गेली, असं सांगितलं.

तेव्हापासून ती कामाच्या वेळी आईला आतल्या खोलीत बसवायची आणि मधलं दार लावून घ्यायची. आई आतून विचारायची, "बाळाचं जेवण झालं की?"

मला हे ऐकून फार वाईट वाटलं. पण खोटं उघडं पडलं तर नुसती परवानगी नाही, नोकरीच जाणार होती.

*

पंधरवड्याने दुपारी तिचा रिव्ह्यू होता, व्हिडिओवर. मॅडम, सेंथिल, सुधा आणि टीम लीडर म्हणून मी. मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, "घरी तुम्ही एकट्याच ना?"

"एकटीच," सुधा म्हणाली.

तेवढ्यात तिच्या स्क्रीनवर चौकट उघडली. ते तिने नकळत मोठ्याने वाचलं, "अम्मा जिन्यात आहेत."

ती उठून धावली. खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला.

"कोण अम्मा?" मॅडमनी विचारलं. "सेंथिल, हा मेसेज तुम्ही पाठवला?"

"नो, मॅडम."

मी मनात देवाचा धावा करत होते. त्यांच्या आतल्या खोलीचं मागचं दार जिन्यात उघडतं आणि जिन्याखालीच बसचा रस्ता आहे. आणि लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे. जिना त्याला दिसायचाच नाही. खरं सांगते, म्हातारी सापडावी असं जितकं वाटत होतं, तितकीच त्या मेसेजची धडकी भरली होती. रिकाम्या खोलीत पंखा फिरत होता. कळफलकावर हात नव्हता, समोर माणूस नव्हतं, आणि सुधाच्या नावापुढचा ठिपका हिरवाच होता.

बऱ्याच वेळाने दोघी आल्या. आईचे पाय धुळीने माखलेले. सुधा रडत होती. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तिने आईला खुर्चीवर बसवलं आणि आमच्याकडे बघून हात जोडले.

मॅडम म्हणाल्या, "सुधा, मला हे रिपोर्ट करावं लागेल."

आईने मॅडमकडे पाहिलंच नाही. ती कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बघून हसली. "बरं केलंस बाळा, सांगितलंस. आता हिस नोकरीवरून काढूं देऊं नको."

आणि थांबली, नेहमीसारखी.

मॅडमच्या, सेंथिलच्या, माझ्या, सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदमच एक चौकट उघडली. या वेळी इंग्रजी नव्हतं. तमिळ अक्षरं होती, मला वाचता येण्याइतकी सोपी.

'सरी, अम्मा.' बरं, आई.