गुलाबपाणी

रफूबाईचं नाव दुकानाच्या पाटीवर कधीच नव्हतं. पाटी भावाची, इस्त्रीच्या दुकानाची. आत शिरलं की डाव्या हाताला भाऊ इस्त्रीच्या वाफेत घामाघूम होत उभा असायचा आणि उजव्या हाताला, खिडकीच्या काचेला नाक लावल्यासारखी, ही बसलेली. मांडीवर कोणाचा तरी कोट, ओठांत दोरा आणि कपाळावर कायमची आठी.

बाई गोड नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिऱ्हाईक कपडा घेऊन आलं की आधी त्याचा उद्धार व्हायचा. "सिगरेट तुम्ही ओढता की तुमचा कोट?" असं म्हणून ती भोकातून बोट बाहेर काढून त्याच्यासमोर हलवायची. मग त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढायची आणि केसाएवढ्या सुईने तो भोकावर आडवा-उभा विणायची. चार दिवसांनी गिऱ्हाईक कोट उजेडात नेऊन उलटापालटा करायचं आणि भोक कुठे होतं तेच त्याला सापडायचं नाही. तेव्हा ती हसायची. दिवसाचं हसणं तेवढंच.

ही विद्या तिला एका म्हाताऱ्या रफूवालीने दिली होती. बारा वर्षं शेजारी बसवून, पोटच्या मुलीसारखी. पुढे म्हातारीची नजर अधू झाली, टाके एकमेकांवर चढू लागले. एक जुनं गिऱ्हाईक शाल घेऊन आलं तेव्हा म्हातारीने हात पुढे केला होता. तिच्यादेखत आपली रफूबाई म्हणाली, "माझ्याकडे द्या. बाईंना आता दिसत नाही." बोलणं खोटं नव्हतं. पण महिन्याभरात म्हातारीकडे कोणी फाटका मोजासुद्धा आणेना. त्यानंतर ती दोन वर्षं जगली, पुतण्याच्या घरी लसूण सोलत. रफूबाई तिला भेटायला एकदाही गेली नाही.

म्हणून स्वतःचा डावा डोळा गेला तेव्हा तिने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, हा डोळा न दुखता आतल्या आत गेला, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आता उजवा तरी सांभाळा. थेंबांची दोन औषधं दिली. एक सकाळ-संध्याकाळ, दुसरं झोपताना. "एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. गेलेली नजर मी काय, कोणीच परत आणून देऊ शकत नाही," असं डॉक्टरांनी तिला दोनदा ऐकवलं.

घरात हे फक्त भावजयीला कळलं. तिने डाव्या बाजूने ताट पुढे केलं आणि बाईचा हात लागून ते उपडं झालं.

"वन्सं, डोळा गेला ना तुमचा?"

"तुझी जीभ गेली असती तर घरादाराचं भलं झालं असतं."

त्या दिवसापासून भावजय रोज ठरल्या वेळी दोन्ही बाटल्या बाईच्या कोपराशी आणून ठेवायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. या दोघींचं सख्य ते एवढंच.

मग एका दूरच्या शहरातल्या संग्रहालयाचं पत्र आलं. तिथे दोनशे वर्षांचा एक रेशमी झगा होता, मेणबत्तीने तीन जागी जळलेला. तो पेटीतून बाहेर काढून लोकांपुढे मांडायचा होता. काम अकरा दिवसांत व्हायला हवं होतं, जायचं-यायचं विमानाने, मुक्काम संग्रहालयातच. न्यायला एक कारकून येणार होता. जन्मभर लोकांच्या विजारी तुणलेल्या बाईला हे पत्र म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. भावाने ते तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तिने स्वतः वाचलं, डोळ्याशी धरून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने गरम पाण्यात दोन्ही बाटल्या बुडवल्या, त्यांवरची कागदी नावं नखाने खरवडून काढली आणि खोकी फाडून केरात टाकली. सकाळच्या बाटलीच्या मानेला दोऱ्याची एक गाठ, झोपतानाच्या बाटलीला दोन. बोटांना तेवढं पुरेसं होतं. परक्या ठिकाणी कोणी बाटली उचलून नाव वाचलं तर? इतक्या जुन्या रेशमाचा झगा एका डोळ्याच्या बाईच्या हातात कोण देईल? तिने स्वतः दिला नसता. भोक दिसू नये एवढी एकच गोष्ट तिला जन्मभर येत होती. तीच तिने इथेही केली. डॉक्टरांचा कागदही कपाटात राहू दिला.

नेमकं त्याच आठवड्यात कुठल्याशा विमानतळावर बाटलीतून भलतंच काहीतरी नेताना कोणीतरी पकडलं गेलं होतं, आणि सगळीकडे तपासणीला ऊत आला होता. रांग दरवाज्याबाहेर गेलेली. बूट काढा, पट्टे काढा, हात वर करा. पातळ म्हणून काही आत न्यायचं नाही. औषध असेल तर त्यावर नाव हवं, नाहीतर डॉक्टरांचा कागद. दोन पिंपं अत्तरं, मलमं आणि पाण्याच्या बाटल्यांनी काठोकाठ भरली होती. एक माणूस मधाच्या बरणीसाठी हुज्जत घालत होता आणि शेवटी तिथेच उभ्याने बोटाने मध खात होता.

कारकून बाईच्या शेजारी होता. पन्नाशीचा, किडकिडीत, सभ्य. इतका सभ्य की खोकला आला तरी माफी मागायचा. स्वतःचे बूट एका हातात आणि बाईच्या चपला दुसऱ्या हातात धरून तो उभा होता.

तपासणीवालीने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. "हे काय आहे? नाव नाही यावर."

रफूबाईने कारकुनाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता.

"गुलाबपाणी," ती म्हणाली. "डोळ्यांना गार वाटतं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तपासणीवाली वाईट नव्हती. सकाळपासून उभी होती, शंभर जणांच्या शिव्या खाऊन झाल्या होत्या, तरी तिने मान वर करून बाईच्या डोळ्यांत पाहिलं, आणि जरा वेळ पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजी, औषध असेल तर सांगा. औषधाला मनाई नाही. कागद नसेल तर डॉक्टरांना फोन लावा, मी साहेबांना विचारते. गुलाबपाणी मात्र मला सोडता येणार नाही."

मागचे लोक चुळबुळायला लागले. कारकुनाने घसा साफ केला. त्याचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला, मग चपला हातात आहेत हे लक्षात येऊन खाली आला.

एक शब्द पुरेसा होता. लहान पोरालाही म्हणता येतो असा. पण बाईच्या डोळ्यांपुढे तो झगा होता, आणि झग्याकडे पुढे केलेला दुसऱ्याच कोणाचा तरी हात.

"आजी कोणाला म्हणतेस गं?" ती म्हणाली. "टाकून दे. घरी अशा ढीगभर पडल्यात."

तपासणीवालीने बाटल्या पिंपात टाकल्या आणि पुढच्याला हाक मारली.

विमानात बाईने मनाशी हिशेब मांडला. मागे तापात दोन दिवस थेंब चुकले होते, काय झालं? काही नाही. तिकडे दुकानं असतीलच. पोचल्या दिवशी संध्याकाळी ती औषधांच्या दुकानात गेलीसुद्धा. पण नाव सांगता येईना. नावं तिने कधी लक्षात ठेवलीच नव्हती. घरी ती भावजयीला पाठ होती. "काचबिंदूचं द्या काहीतरी," ती म्हणाली. दुकानदाराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई, ते काय गोळ्या-बिस्किटं आहेत? चिठ्ठी आणा डॉक्टरांची."

तिसऱ्या दिवशी तिने घरी फोन केला. नेमका भावजयीने उचलला.

"वन्सं, थेंब घालता ना वेळेवर?"

"न घालायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? भाऊ कुठाय?"

"कपडे पोचवायला गेलेत. काही हवं होतं का?"

"काही नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला. औषधांची नावं विचारायची म्हणजे बाटल्या गेल्या हे सांगायचं, आणि ते भावजयीला सांगण्यापेक्षा तिने जीभ चावून घेतली असती.

काम मात्र सोन्यासारखं चाललं होतं. झग्याच्या आतल्या दुमडीतून धागा काढायला तिला एक अख्खा दिवस लागला. जुनं रेशीम, जरा ओढलं की भुगा. चौथ्या दिवशी दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. सहाव्या दिवशी भुवईच्या वर ठणका लागला, पोटात ढवळायला लागलं. नजर कडेकडेने मिटत आली, आणि मधे उरलं बशीएवढं कापड. तेवढ्यात भोक मावत होतं, म्हणून तिने हात थांबवला नाही.

संग्रहालयाच्या मोठ्या बाई रोज सकाळी येऊन दारात उभ्या राहायच्या. "सगळं ठीक आहे ना? काही लागलं तर सांगा हं. अगदी काहीही."

"उत्तम आहे," रफूबाई सुईवरून मान न उचलता म्हणायची. मोठ्या बाई थोड्या जास्तच वेळ थांबायच्या आणि जायच्या.

दहाव्या दिवशी दुपारी तिसरं भोक मिटलं. शेवटचे टाके तिने बोटांनीच घातले. मोठ्या बाई, कारकून आणि आणखी दोघं भिंग घेऊन अर्धा तास झग्यावर वाकले होते आणि जळकी जागा कोणालाच सापडेना. असं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं. ती खुर्चीत ताठ बसून त्यांची वाहवा ऐकत होती, आणि ते कोणत्या बाजूला उभे आहेत हे आवाजावरून ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काचेच्या दारावर जाऊन आदळली. लपवायचं काही उरलंच नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला, पुन्हा मोजला. "थेंब कधी बंद केलेत?"

"अकरा दिवस झाले."

"का?"

डॉक्टर कागदावर लिहिता लिहिताच म्हणाले, "औषध परत चालू करू, ठणका जाईल. नजर येणार नाही."

बाहेर बाकावर मोठ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला. "आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना. "पत्र पोचलं त्याच दिवशी तुमच्या भावजयीचा फोन आला होता. म्हणाल्या, वन्सं मानी आहेत, त्या स्वतःहून सांगायच्या नाहीत; तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका, पण औषधाशिवाय त्यांना एक दिवस राहू देऊ नका. आम्हाला तुमचा एक डोळा पुरेसा होता. विमानतळावर अडचण नको म्हणून तर यांना पाठवलं. त्यांनी पाठवलेली डॉक्टरांच्या कागदाची प्रत यांच्या खिशात होती."

रफूबाईने मान वळवली, कारकून असेल असं वाटलं त्या दिशेला. तो दुसऱ्याच बाजूला होता.

"तुम्ही गुलाबपाणी म्हणालात," तो त्या बाजूने म्हणाला. "मला वाटलं, औषधं दुसरीकडे नीट ठेवली असतील. आणि कागद काढला असता तर तुम्हाला कळलं असतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं. माफ करा."

"वाईट," रफूबाई म्हणाली. मग म्हणाली, "घरी फोन करायचा नाही. भावजयीला मी सांगेन." मोठ्या बाईंनी शब्द दिला, आणि पाळला. सभ्य माणसं होती ती, म्हणून तर एवढं सगळं झालं.

परतीच्या विमानात ती मनातल्या मनात दुकान आखत होती. दोन पायऱ्या, मग दार, उजवीकडे सहा पावलं, खुर्चीची पाठ. कारकून तिला दारात सोडून माफी मागत गेला. ती दोन पायऱ्या चढली, सहा पावलं चालली, खुर्चीवर बसली. कुठे अडखळली नाही. भाऊ बाहेर गेलेला होता. साठलेल्या कपड्यांतला वरचा कोट तिने मांडीवर ओढला, भोक चाचपून काढलं, सुयांच्या गादीतली दोरा ओवलेली सुई उचलली.

भावजय आतून हात पुसत आली. "आलात? कसं झालं काम?"

"मान खाली घालायची वेळ नाही आली."

"आणि डोळा?"

"ठणठणीत. थेंब संपत आलेत, तेवढे आणून ठेव."

भावजय जवळ आली. बोलताना बाईच्या मांडीवरचा कोट सरकला होता. सुई धडधाकट कापडातून सरसर चालली होती, सुबक, एकसारखी, आणि भोक तिथून वीतभर लांब होतं. भावजयीने तोंड उघडलं. वन्संच्या ताठ मानेकडे पाहिलं, आणि मिटलं.

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि आत गेली.