मागच्या भिंतीवरचा खिळा

आमच्या वर्गात मागच्या भिंतीवर एक खिळा आहे. त्याला अडकवलेलं घड्याळ कधीच गेलं, खिळा तेवढा राहिला. भाषणाच्या तासाला पुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला मॅडम सांगतात, "घाबरायचं नाही. त्या खिळ्याकडे बघून बोल. समोरच्यांना वाटतं, आपल्याकडेच बघतोय."

वर्षभर आम्ही पस्तीस जण त्या खिळ्याशी बोलतोय. मैत्री, पर्यावरण, वाचनाचं महत्त्व, सगळं त्याने निमूट ऐकून घेतलंय. बाकांवरचे मात्र ओठ हलवत आपापलं भाषण घोकत असतात. मला या तासाचा वैताग येतो तो यामुळेच. बोलायचं कसं यासाठी अख्खा विषय आहे, ऐकायचं कसं याला अर्धा मार्कही नाही.

परवा सुनीताचा विषय होता 'माझे वडील'. मधे पंधरा दिवस ती कॉलेजला आली नव्हती, का ते कुणी विचारलं नव्हतं. पाठ केलेलं थोडं बोलून ती थांबली. "ते आता नाहीत," म्हणाली, आणि तिची नजर खिळ्यावरून उतरून आमच्यावर आली. एकेकाच्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली.

आम्ही माना खाली घातल्या. समोर एकमेकांना गुण द्यायचे तक्ते होतेच. तिने खिळा सोडला म्हणून 'नजर' या रकान्यात मी पाचपैकी दोन लिहिले. मग माझी पाळी आली, आणि मी खिळ्याकडे बघत बोलायला लागलो.